ओळखीवाचून सोयरीक

दसऱ्याच्या संध्याकाळी शाळेतली मुले सोने द्यायला घरी येतात. ती आली की दारात चपलांचा ढीग पडतो आणि गेली की टेबलावर पानांचा. यंदा सगळे पांगल्यावर मी सहज चाळा म्हणून ती पाने निवडीत बसलो. आपट्याचे पान लहान, लांबीपेक्षा रुंदीला अधिक, दोन्ही दले बोथट आणि गोल. कांचनाचे पान मोठे, लांबट आणि मध्ये चांगले खोलवर चिरलेले. एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहिली तर लहान मुलालाही फरक कळावा. निवडून झाल्यावर पाहतो तो पन्नास पानांतली चव्वेचाळीस कांचनाची! सहा तेवढी आपट्याची. मुलांचा ह्यात काय दोष? बाजारातच कांचनाच्या फांद्या आपटा म्हणून विकायला येतात. ज्या दिवसांत कांचनाला फुले धरतात नेमक्या त्याच दिवसांत आपण त्याला ओरबाडतो, त्याच्या पानाला दुसऱ्याच्या नावाने हाक मारतो आणि तेच पान एकमेकांच्या हातावर ठेवून 'सोन्यासारखे राहा' म्हणतो.

दिवाळीच्या फराळाबरोबर वाचायच्या अंकात ही कडू गोळी कशाला, असे कोणी म्हणेल. पण मला जे लिहायचे आहे त्याची सुरुवात त्या टेबलावरच झाली. निसर्गाविषयी आज जितके बोलले जाते तितके पूर्वी क्वचितच बोलले गेले असेल. मन थकले आहे, रानात जा. झोप येत नाही, झाडाखाली बसा. जीव रमत नाही, समुद्र पाहून या. सल्ला देणारे पुष्कळ आणि तो मनापासून ऐकणारेही पुष्कळ. आणि तरी घरात येणाऱ्या आपट्याच्या पानाची ओळख मात्र दरसाल एकेका घरातून पुसत चालली आहे. ही विसंगती मला बेचैन करते. मी शास्त्रज्ञ नाही. मुलांना मराठी शिकवतो आणि जमेल तशा कादंबऱ्या लिहितो. तेव्हा ह्या प्रश्नाकडे पाहायचे तर ते आपल्या मराठी पुस्तकांच्या खिडकीतूनच. निसर्ग माणसाच्या मनाला खरोखर विसावा देतो काय, आणि देतो तो कोणाला, ह्याचे उत्तर आपल्या चार-दोन लेखकांनी फार चांगले देऊन ठेवले आहे. ते आपण नीट वाचलेले नाही, एवढेच.

आधी शास्त्राची बाजू प्रामाणिकपणे मांडतो. रॉजर उलरिख ह्या संशोधकाने १९८४ साली एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांची जुनी टिपणे त्याने तपासली. काहींच्या खिडकीतून झाडे दिसत होती, काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. सारख्या वयाप्रकृतीच्या रोग्यांच्या २३ जोड्या लावून पाहिल्या, तेव्हा झाडे दिसणारे रोगी लवकर घरी गेले होते आणि त्यांना कडक वेदनाशामक औषधे कमी लागली होती. २०१९ साली इंग्लंडातल्या सुमारे २०,००० लोकांच्या माहितीवरून असे दिसले की, आठवड्याकाठी निदान १२० मिनिटे निसर्गाच्या सहवासात घालवणारे लोक आपली प्रकृती आणि मनाचे समाधान चांगले असल्याचे इतरांपेक्षा अधिक प्रमाणात सांगतात. जपानात तर १९८२ पासून 'वनस्नान' असा शब्दच सरकारी वनखात्याने रूढ केला आहे. हे सारे खोटे आहे असे मी म्हणणार नाही. भिंतीपेक्षा झाड बरे, हे कळायला फार मोठी बुद्धी लागतही नाही.

परंतु ह्या बोलण्यात झाड हे औषध झालेले असते. आठवड्याला इतकी मिनिटे, जेवणानंतर किंवा जेवणापूर्वी! आपली परंपरा झाडाला औषध मानीत होती, नाही असे नाही. पण त्याहून वरचे एक नाते तिला ठाऊक होते. भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसणाऱ्या तुकोबांनी झाडावेलींना आणि वनचरांना सोयरे मानले. औषध आणि सोयरा ह्यांत मोठा फरक आहे. औषधाचे नाव माहीत नसले तरी ते लागू पडते. सोयऱ्याचे नावच माहीत नसेल तर ती सोयरीक कसली? आणि सोयरा केवळ आपले दुःख हलके करण्यासाठी नसतो. त्याच्याही घरी आपल्याला जावे लागते, त्याचे काय चालले आहे ते विचारावे लागते. हा फरक मनात धरून आपण काही पुस्तके उघडून पाहू.

*

निसर्ग म्हटला की मराठी माणसाला पहिले नाव आठवते ते बालकवींचे. त्र्यंबक बापूजी ठोंबरे ह्यांचा जन्म १८९० साली धरणगावचा. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले, त्यात सोळा-सतरा वर्षांच्या ह्या मुलाची कविता ऐकून अध्यक्षांनी त्याला 'बालकवी' म्हटले. ही हकिगत शाळेतल्या मुलांनाही पाठ असते. ते अध्यक्ष कोण होते हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. ते होते कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. पेशाने डॉक्टर, हौसेने कवी आणि अभ्यासाने वनस्पतिशास्त्रज्ञ. भारतीय औषधी वनस्पतींवरचा त्यांचा आणि बामनदास बसूंचा प्रचंड ग्रंथ १९१८ साली, म्हणजे कीर्तिकरांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ५ मे रोजी भादली स्टेशनाजवळ आगगाडीखाली सापडून बालकवी गेले. वयाची अठ्ठावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

झाडाचे पान-फूल मोजून त्याचे नाव निश्चित करणारा एक म्हातारा आणि झाड पाहताच ज्याला गाणे सुचे असा एक मुलगा, हे दोघे त्या मांडवात समोरासमोर आले होते. म्हाताऱ्याने मुलाला नाव दिले. मुलाने म्हाताऱ्याकडून काही घेतले की नाही, कोण जाणे!

बालकवींइतका निसर्गवेडा कवी मराठीत दुसरा दाखवता येणार नाही. मग निसर्ग जर मनाचे औषध असेल, तर त्या औषधाचे सर्वांत मोठे सेवन करणारा हा माणूस सर्वांत सुखी असायला हवा होता. पण तसे दिसत नाही. 'फुलराणी' लिहिणाऱ्या लेखणीतूनच 'पारवा' उतरला आणि आपल्या मनाला ग्रासणाऱ्या उदासीनतेचा उगम कोठे आहे असे विचारणारी कविताही उतरली. असे का व्हावे? मला ह्याचे उत्तर त्या कवितांच्या घडणीतच दिसते. 'फुलराणी'त कळी ही नवरी आहे, सूर्यकिरण नवरा आहे, पाखरे आणि वारा लग्नाचे वऱ्हाडी आहेत. हे लग्न अतिशय गोड लागले आहे, ह्यात वाद नाही. लहान मुलांना ती कविता वाचून दाखवताना मला आजही आनंद होतो. पण त्या मांडवात कळी म्हणून कळी कोठे आहे? सारा सोहळा माणसांचा. कवी निसर्गाला आपल्या मनाची भाषा बोलायला लावतो आणि निसर्ग त्याला त्याचेच मन परत करतो. मन हसरे असेल तर सारे रान लग्नघर होते. मन काळवंडले की भिंतीवरचा पारवाही रडू लागतो. आरशासमोर बसून कोणाचे दुःख हलके झाले आहे?

आणि तरीही बालकवींनी 'औदुंबर' लिहिली. अवघ्या आठ ओळी. पाणी, गाव, शेते, एक पायवाट, डोह आणि झाड. हिरवा, निळा, पांढरा, काळा असे चार रंग. झाडावर माणूसपणाचा आरोप आहे, पण तो अगदी शेवटी आणि एकदाच. ह्या कवितेच्या डोहात पुष्कळ समीक्षकांनी गूढ अर्थ पाहिले आहेत. ते त्यांनी खुशाल पाहावेत. माझे लक्ष एका साध्या गोष्टीकडे जाते. ह्या कवितेत 'मी' नाही. कोठून पाहिले, पाहून काय वाटले, ह्याचा उच्चार नाही. आठ ओळी पुऱ्या होईपर्यंत कवी स्वतःला विसरला आहे, आणि म्हणूनच त्या वाचताना आपणही स्वतःला विसरतो. बालकवींच्या साऱ्या कवितेत मनाला खरा थंडावा देणारी जागा मला हीच वाटते. निसर्गाला त्यांनी येथे काही मागितलेले नाही.

*

बालकवींना जे आठ ओळींपुरते साधले ते वर्षभर साधता येईल काय? येईल, असे सांगणारे पुस्तक १९५६ साली प्रसिद्ध झाले. दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र'. माझ्या हाती ते मॅट्रिकच्या परीक्षेनंतरच्या सुटीत आले, आणि पुढे जे काही थोडेफार शिकलो त्यातले बरेचसे मी त्याच पुस्तकाला टेकून शिकलो, असे म्हटले तरी चालेल.

'ऋतुचक्र'ची बांधणी अगदी साधी आहे. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत बारा महिने आणि महिन्याला एक लेख. लिहिणाऱ्या बाई मुंबईच्या रहिवासी. टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात त्यांचे आयुष्य गेले. म्हणजे हे पुस्तक कोणा अरण्यवासी ऋषीचे नव्हे. चैत्रावर लिहिताना त्यांना पिंपळाची नवी पालवी दिसते तशी कोणी ढुंकून पाहत नाही ती घाणेरीही दिसते. जे फूल देवाला चालत नाही आणि केसांतही माळले जात नाही, त्यालाही ह्या पुस्तकात जागा आहे. मला ह्या गोष्टीचे महत्त्व फार वाटते. आपल्या नेहमीच्या निसर्गवर्णनात काही ठरलेली पात्रे असतात: चंद्र, मोगरा, कोकीळ, इंद्रधनुष्य. बाकीच्या सृष्टीला प्रवेश नाही. दुर्गाबाईंनी तो मांडव मोडून टाकला.

ह्या पुस्तकामागे एक दुखणेही आहे. तरुणपणी संशोधनासाठी मध्य प्रांतातल्या आदिवासी भागात हिंडत असताना दुर्गाबाईंना विषबाधा झाली आणि त्यांची कित्येक वर्षे आजारात गेली. 'ऋतुचक्र' हे त्या आजारानंतरचे पुस्तक. पण त्यात आजाराच्या नावाने वाचकाची सहानुभूती मागितलेली नाही. 'मी दुःखी होते, निसर्गाने मला सावरले' हा आज फार खपणारा मजकूर त्यांना सहज लिहिता आला असता. त्यांनी तो लिहिला नाही. त्यांनी पालवीचा रंग कसा बदलतो ते लिहिले. ज्याला समजायचे त्याला समजते.

पुस्तकात उणे काहीच नाही असे नाही. दुर्गाबाईंची विद्वत्ता कधी कधी झाडाच्या आड येते. संस्कृत काव्यातल्या आठवणी, दैवतकथा, उपमा ह्यांचा एवढा घोस लागतो की फांदी वाकून जावी. एखादे पान वाचताना मला वाटते, बाई, आता थोडे थांबा आणि मला नुसते झाड पाहू द्या! पण हा दोष श्रीमंतीचा आहे. आणि उपमा कितीही आल्या तरी त्यांच्या तळाशी प्रत्यक्ष पाहिलेले पान असते, हे वाचकाला सतत जाणवते.

थोरोवर दुर्गाबाईंचे मोठे प्रेम. त्याच्या 'वॉल्डन'चे त्यांनी 'वॉल्डनकाठी विचारविहार' ह्या नावाने मराठीकरण केले. ४ जुलै १८४५ रोजी हा अमेरिकन गृहस्थ एका तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या खोपटात राहायला गेला आणि दोन वर्षे दोन महिने तेथे राहिला. आज त्याचे नाव घेतले की लोकांना ध्यानस्थ बसलेला साधू आठवतो. पण पुस्तक उघडून पाहावे. हा मनुष्य अडीच एकरांत घेवडा लावतो, तण काढतो, किती पीक आले आणि किती पैसे सुटले ह्याचा हिशेब मांडतो. त्या तळ्याला तळच नाही अशी गावात समजूत होती. थोरोने १८४६ साली, हिवाळ्यात पाणी गोठले असताना, होकायंत्र, साखळी आणि वजन बांधलेली दोरी घेऊन तळे मोजले आणि ते जास्तीत जास्त १०२ फूट खोल असल्याचे लिहून ठेवले. मोजल्याने त्याची गोडी कमी झाली काय? उलट त्याचे आत्मचिंतन त्या १०२ फुटांवर उभे आहे म्हणूनच ते पोकळ वाटत नाही. अध्यात्म आणि मोजमाप ह्यांचे वैर आपण उगीच मानतो.

*

ज्यांना कादंबरीच हवी त्यांच्यासाठी गो. नी. दांडेकरांचा 'माचीवरला बुधा' आहे. १९५८ सालची ही कादंबरी. मुंबईला कंटाळलेला एक म्हातारा राजमाचीवर आपल्या मूळ जागी परततो आणि तेथल्या झाडाझुडपांत, पाखरांत, जनावरांत राहू लागतो. कथानक म्हणावे तर एवढेच. दांडेकरांनी माणसांचा गोतावळा जवळजवळ बाजूला सारून कादंबरी लिहिण्याचे धाडस केले आणि ते तडीस नेले.

आज राजमाचीवर पुष्कळ लोक जातात. पावसाच्या तोंडावर काजवे पाहायला तर तेथे तंबू पडतात. ते जातात ह्याचे मला वाईट वाटत नाही. पण त्यांच्यात आणि बुधात एक फरक आहे. बुधा तेथे मन रमवायला गेलेला नाही, तो राहायला गेलेला आहे. त्याला चूल पेटवायची आहे, पाणी आणायचे आहे, भोवतालच्या जिवांशी जमवून घ्यायचे आहे. त्याची शांती ह्या कामांतून झिरपत येते. कामाखेरीज आलेली शांती दोन दिवसांची पाहुणी. रविवारी रात्री ती आपल्याबरोबर गाडीत बसत नाही.

तरी ह्या कादंबरीवर माझा एक आक्षेप आहे. माचीवरचा प्रत्येक माणूस बुधासारखा तृप्त असता तर डोंगर उतरून कोणी मुंबईची वाट धरलीच नसती. हा प्रश्न कादंबरी फारसा विचारीत नाही. निसर्गाची माया सांगताना दांडेकर त्याचा धाक जरा दूर ठेवतात. तो धाक पाहायचा असेल तर व्यंकटेश माडगूळकरांकडे गेले पाहिजे. १९८२ साली आलेल्या आणि पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या 'सत्तांतर' ह्या त्यांच्या छोट्या कादंबरीत वानरांच्या टोळ्या आहेत. म्होरक्या बदलतो आणि नवा नर आधीच्याची पिल्ले मारतो. माडगूळकर येथे हळहळत नाहीत, उपदेशही करीत नाहीत; पाहिले ते सांगतात. निसर्ग ही आई आहे असे म्हणणाऱ्याने हे पुस्तक जरूर वाचावे. निसर्ग आपल्या सांत्वनासाठी जन्माला आलेला नाही. आणि नवल असे की, हे एकदा कळले की मनावरचे ओझे थोडे उतरते. जगात जे चालले आहे ते सारे माझ्याशी संबंधित नाही, ही जाणीवही एक प्रकारची सुटका आहे.

ह्या मालिकेतले शेवटचे नाव मारुती चितमपल्ली ह्यांचे. वनखात्यात नोकरी करीत ते रानात राहिले. तेथल्या माणसांकडून त्यांनी झाडापाखरांची नावे गोळा केली आणि जेथे मराठीत शब्द नव्हता तेथे तो घडवला. कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार' म्हणावे हे त्यांनी सुचवले. २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मराठीने त्यांना दिले आणि जून २०२५ मध्ये ते गेले. त्यांच्या गद्यात दुर्गाबाईंची झळाळी नाही की माडगूळकरांची धार नाही. काही लेख तर टिपणवहीतून उचलून ठेवल्यासारखे आहेत. पण 'रानवाटा' वाचून उठलेल्या वाचकाला आपल्या अंगणातल्या पाखराचे नाव माहीत नसल्याची लाज वाटते. वाचकाला अशी चांगली लाज वाटायला लावणारी पुस्तके थोडी असतात.

*

आता माझ्या लाजेची गोष्ट सांगतो.

काही वर्षांपूर्वी माझी पहिली कादंबरी निघाली. तिच्या मध्यावर एक प्रसंग आहे. श्रावणातली झड लागली आहे, आणि माहेर तुटलेली नायिका लालभडक फुललेल्या पळसाखाली उभी राहून रडते आहे. हा प्रसंग मला स्वतःला फार आवडे. ओळखीच्या मंडळींनीही त्याची तारीफ केली होती. एके दिवशी आठवीच्या वर्गात मी म्हणी शिकवीत होतो. 'कुठेही जा, पळसाला पाने तीनच' ही म्हण फळ्यावर लिहिली, तिचा अर्थ सांगितला, आणि तास संपल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी टेबलापाशी आली. तिने ग्रंथालयातून माझी कादंबरी नेली होती.

"सर, श्रावणात पळसाला फुलं कुठली?" ती म्हणाली. "तेव्हा नुसती पानं असतात. फुलं शिमग्याच्या सुमाराला येतात."

तिची आई पत्रावळी लावीत असे. त्या घरात पळस ही उपमा नव्हती, भाकरी होती.

मी हसून वेळ मारून नेली. 'कादंबरीत असे चालते' असेही काहीतरी बोललो. रात्री मात्र तो प्रसंग काढून पुन्हा वाचला आणि मला एक भलतीच गोष्ट दिसली. नुसता पळस खोटा नव्हता, रडणेही खोटे होते. लाल रंगाची मला गरज होती म्हणून मी झाड फुलवले होते, आणि करुणरसाची गरज होती म्हणून बाईला रडवले होते. त्या बाईचे दुःख मी जवळून पाहिलेच नव्हते. ज्याला झाडाकडे नीट पाहण्याची सवय नाही त्याची माणसाकडे पाहण्याची सवयही कच्चीच राहते, हे मला त्या रात्री पहिल्यांदा कळले. समीक्षक ह्याला काय म्हणतील ते म्हणोत. माझ्यापुरता हा वाङ्मयाचा पहिला नियम झाला आहे.

त्याच वर्षी मार्गशीर्षात माझी आई गेली. दिवस अवघड होते. स्नेह्यांनी चांगल्या बुद्धीने सल्ला दिला म्हणून चार दिवस एका थंड हवेच्या ठिकाणी राहून आलो. दरी पाहिली, सूर्यास्त पाहिला, धुके पाहिले. प्रत्येक ठिकाणी मी माझे दुःख हातात धरून उभा होतो आणि 'घे की रे हे' म्हणत होतो. दरीने ते घेतले नाही. जसा गेलो तसा परत आलो.

मग पौषात, का कोण जाणे, त्या मुलीच्या प्रश्नाची आठवण झाली. आमच्या शाळेच्या विहिरीपाशी एक पिंपळ आहे. त्याच्याखालून मी वर्षानुवर्षे जात-येत होतो, पण त्याची पाने कधी गळतात हे मला सांगता आले नसते. एक जुनी वही घेतली आणि ठरवले की रोज एक ओळ लिहायची. तारीख आणि दिसले ते. उपमा द्यायची नाही, स्वतःविषयी लिहायचे नाही. पहिले कित्येक दिवस 'विशेष काही नाही' एवढेच लिहिले. मग पाने पिवळी पडू लागली, झडू लागली. फांद्या उघड्या पडल्यावर त्यावर किती घरटी होती ते दिसले. मग एका सकाळी टोकांना तांबूस पालवी दिसली, इतकी पातळ की ऊन आरपार जावे. काही दिवसांनी फळे धरली आणि तांबट पक्षी येऊ लागला. त्याची ती ठोक्यासारखी हाक मी लहानपणापासून ऐकत होतो; ती हाक देणारा मात्र त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

त्या सकाळी घंटा झाली तेव्हा माझ्या लक्षात आले की गेला पाव तास मी स्वतःची आठवणही काढली नव्हती. आईचे दुःख गेले असे मी म्हणणार नाही. ते जाऊही नये. पण त्याला शेजार मिळाला. ते एकटे राहिले नाही, आणि मीही राहिलो नाही. 'औदुंबर'मध्ये 'मी' का नाही, दुर्गाबाईंनी आपले दुखणे का लिहिले नाही, थोरोने तळे का मोजले, ह्या साऱ्याचा उलगडा मला पुस्तकांनी अर्धा केला होता. उरलेला अर्धा त्या पिंपळाखाली झाला.

*

म्हणून दिवाळीच्या ह्या दिवसांत, घरची सारी माणसे एका ठिकाणी आलेली असताना, एक सुचवावेसे वाटते. दूर कोठे जाण्याचे बेत जरूर करा, पण त्याआधी 'ऋतुचक्र' घरात आणा. कार्तिकाचा लेख कार्तिकात मोठ्याने वाचा, मार्गशीर्षाचा मार्गशीर्षात. वर्षाला बारा लेख काही कोणाला जड जाणार नाहीत. आणि दाराजवळचे एक झाड निवडा. त्याचे नाव आजीला विचारा. आजीला ठाऊक नसेल तर भाजीवालीला विचारा. तिलाही ठाऊक नसेल तर पुस्तकात शोधा. नाव कळल्यावर त्याच्याकडून लगेच काही मागू नका. त्याचे काय चालले आहे एवढे फक्त पाहत जा. शांती आली तर ती आपल्या पावलांनी येईल, आणि नाही आली तरी एका झाडाची ओळख झालेली असेल. तीही काही थोडी मिळकत नव्हे.

दसऱ्याला माझ्या टेबलावर पन्नासांत सहा पाने आपट्याची होती, असे मी आरंभी म्हटले. त्यांतली पाच एका डहाळीची होती, सहावे सुटे होते. ते कोणी आणले हे मला ठाऊक आहे. पत्रावळ्या लावणाऱ्या बाईची ती मुलगी आता कॉलेजात जाते, पण दसऱ्याला न चुकता येते. तिने फांदी तोडली नव्हती. आपट्याखाली उभे राहून एकच पान खुडले होते, आणि ते माझ्या हातावर ठेवताना ती नुसती हसली होती.